नवे अलॉय घातले आणि ८०च्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय? आधी पाण्याचा पाइप घ्या

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्याकडे गोव्यात, फोंडा-डिचोलीत लोक घराला रंग लावतात, आणि आमच्यातले काही जण त्याच पैशांतून गाडीला नवे अलॉय (ॲल्युमिनियमची चाकं) घालतात. विसर्जन होतं न होतं तोच माझा फोन वाजायला लागतो. "दादा, गाडी दिसते एकदम झकास, पण हायवेला स्टेअरिंग नाचतं." गेल्या सात-आठ वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं संपायच्या आत विचारतो, "८०ला सुरू होतं आणि ११०ला कमी होतं ना?" उत्तर बहुतेकदा हो असतं.

मी मेकॅनिक नाही. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा गाडीवेडे जमतो, त्यात ज्याच्याकडे जॅक, स्टँड आणि टॉर्क पाना (नट मोजून आवळायचा) आहे तो मी, एवढंच. हा दोष मी आधी स्वतःच्या स्विफ्टवर भोगला. एका वर्कशॉपने पहिल्यांदा अलायनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, मग सस्पेन्शनचा लोअर आर्म बदलला, मग त्याचे बुश, मग पुन्हा अलायनमेंट. तीन महिने आणि नऊ हजार रुपये गेल्यावर कळलं की सगळं दुखणं चाकाच्या मधल्या भोकात होतं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: थरथर अलॉय घातल्यानंतर सुरू झाली असेल तर आधी चाक बघा, चाक हबवर (गाडीचा जो फिरणारा भाग चाक धरतो त्यावर) कसं बसलंय ते बघा, आणि सस्पेन्शनला सगळ्यात शेवटी हात लावा.

आधी लक्षणं नीट ओळखा

पाना उचलण्याआधी एक फेरी मारून या. वेर्ण्याच्या पठारावरचा सरळ रस्ता किंवा नवा झुआरी पूल यासाठी बरा, कारण तिथे रस्त्याचे धक्के आणि चाकाची थरथर यांत गल्लत होत नाही. वेगमर्यादेत राहूनच हे कळतं, त्यासाठी १४० मारायची गरज नाही.

साधारण ७५-८०ला स्टेअरिंग डावी-उजवीकडे बारीक थरथरायला लागतं, ९०-१००ला जास्त होतं आणि पुढे काहीसं निवळतं, हा आपला नेहमीचा पाहुणा. म्हणजे पुढच्या चाकांत कुठेतरी वजन किंवा केंद्र चुकलंय. स्टेअरिंग शांत आहे पण सीट आणि फ्लोअर गुणगुणतंय, तर मागची चाकं बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर डिस्कचा विषय आहे. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटवर संशय घ्या. या दोन्हींत हा लेख फारसा उपयोगाचा नाही.

एक लक्षण मात्र वेगळं काढा. ३०-४०च्या वेगातच गाडी बदकासारखी डुलत असेल, तर रिम चांगलीच वाकलीय किंवा टायर आतून फाटलाय. तिथे खालच्या स्वस्त पायऱ्यांत वेळ घालवू नका, सरळ रिम आणि टायरच्या भागाकडे जा.

फुकटातली तपासणी: हवा, माती आणि चिकटवलेली वजनं

हवा गार टायरवर मोजा. पंपावर दहा किलोमीटर गाडी चालवून गेल्यावर जो आकडा दिसतो तो दोन-तीन पीएसआय जास्तच असतो. चारांतल्या एकाच चाकात वारंवार हवा कमी होत असेल तर ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. गाडी महिनाभर एकाच जागी उभी होती का, हेही आठवा. मुंबईहून सुट्टीला येऊन गाडी काढणाऱ्यांना ही थरथर पहिले दहा-पंधरा किलोमीटर हमखास येते आणि टायर तापले की जाते. टायर खाली चपटा झालेला असतो, बाकी काही नाही.

मग माती. माझ्या मते गोव्यात या दोषाचं हे सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सांखळीचा माझा मावसभाऊ एकदा गाडी घेऊन आला. आदल्या दिवशी कुठेतरी शेताच्या वाटेने गेला होता. बाहेरून गाडी लखलखीत धुतलेली. चाक काढून उलटं ठेवलं, तर रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी लाल मातीचा थर सुकून विटेसारखा झालेला. खरवडून काढला आणि वहिनीच्या नजरेआड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ८५ ग्रॅम.

८५ ग्रॅम म्हणजे काय हे समजायला थोडा हिशोब. १५ इंची चाक १००च्या वेगाला सेकंदाला साधारण १४ फेरे मारतं. त्या वेगात रिमला चिकटलेले नुसते २० ग्रॅमसुद्धा सुमारे ३ किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतात, प्रत्येक फेऱ्याला एकदा. ८५ ग्रॅमला तो जोर बारा-तेरा किलोवर जातो. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४०ला काहीच कळत नाही आणि ८०ला हात झिणझिणतात. खाणीच्या पट्ट्यातली लोहखनिजाची माती तर आणखी जड.

म्हणून पहिला उपाय पाइप आणि पाणी. पाणी स्पोकमधून आत मारा, चाक थोडं फिरवून पुन्हा मारा, बोट आत घालून थर लागतो का पहा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल रिमपासून वीतभर लांब धरा, नाहीतर चाकाचा तोल साधायला आत चिकटवलेली वजनं उडतील.

आणि ती वजनं आहेत का, हेही इथेच बघून घ्या. अलॉयला बाहेरच्या काठावर शिशाचे तुकडे ठोकत नाहीत, आत करड्या रंगाच्या ५-५ ग्रॅमच्या पट्ट्या चिकटवतात. आपल्या दमट हवेत नीट न पुसलेल्या रिमवर त्या टिकत नाहीत. आत कुठे चौकोनी स्वच्छ डाग किंवा गोंदाची काळी रेघ दिसली, तर तिथली पट्टी पडलीय.

आता डिझाइनची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती इथेच लागू पडते. आमच्या रविवारच्या गप्पांत अर्धा वेळ याच भांडणात जातो. जाळीदार मल्टिस्पोक आवडणारे वेगळे, काळ्या डीप डिशवाले वेगळे, आणि गेल्या काही वर्षांत ब्रॉन्झ रंगाचं खूळ आलंय ते वेगळं. ज्याची त्याची आवड. पण जाळीच्या डिझाइनमध्ये हात आत जात नाही, माती अडकते आणि वाकलेला आतला काठ दिसत नाही. डीप डिशचे स्पोक आत दबलेले आणि बाहेरची कडा खोल, तिथे चिखल साठायला ऐसपैस जागा. डायमंड कट (पुढचा भाग मशीनने तासून चमकवलेलं) चाक शोरूममध्ये अप्रतिम दिसतं, पण एकदा कर्बला घासलं की वरच्या लॅकरखाली खारी हवा शिरते आणि पांढऱ्या अळीसारख्या रेघा उमटतात. कळंगुट-कोलवा पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी स्वतः साध्या रुंद पाच-स्पोकवर आलोय. मित्र त्याला म्हाताऱ्याचं चाक म्हणतात. म्हणोत. माझं दोन मिनिटांत धुऊन होतं.

नट: स्वस्त, पण इथेच जीव अडकलेला

नटांचा विषय थरथरीपुरता नाही, चाक निखळण्यापर्यंत जातो. एक नट काढून हातात घ्या आणि त्याचं टोक बघा. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या शंकूसारख्या टोकाचा नट लागतो. होंडाचे कंपनीचे नट मात्र गोल टोकाचे असतात, फोक्सवॅगन-स्कोडाचे बोल्टही तसेच. गोल टोक शंकूच्या खड्ड्यात घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण टेकतं फक्त एका बारीक कड्यावर. पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये ते सैल पडायला लागतं. आट्यांचंही तसंच (जाडी बाय दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये): मारुतीला १२ बाय १.२५, होंडा-ह्युंदाईला १२ बाय १.५. चुकीचा नट दोन आटे सरळ जातो आणि मग अडतो, आणि दुकानातला पोरगा एअर गनने तो ठोकून बसवतो. स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ती आट्यांची दांडी, गेला.

जुनी चाकं घेताना पीसीडी (किती नट, आणि त्यांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर) डोळ्यांनी मोजू नका. फियाटच्या काही गाड्यांचं ४ बाय ९८ आणि स्विफ्ट-आय२०चं ४ बाय १००, फरक फक्त २ मिलिमीटरचा. चाक बसतंसुद्धा, पण प्रत्येक नट तिरका ओढला जातो. असं चाक लावलेलं सापडलं तर पुढचं काही तपासू नका, स्टेपनी लावून घरी जा.

नट योग्य असतील तर चाक जमिनीवरून उचललेलं असतानाच ते हाताने बसवा आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळा. शेवटचा ताण टॉर्क पान्याने, गाडी खाली टेकवून. छोट्या गाड्यांना तो बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये सापडेल. नवी चाकं घातल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ताण तपासायचा असतो. हे दुकानदार सांगत नाहीत, सांगितलं तरी आपण जात नाही.

चाकांची अदलाबदल

आता एक फुकटची परीक्षा, घाम तेवढा लागतो. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे, त्याच बाजूला ठेवून. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे हे पक्कं झालं. जशीच्या तशी स्टेअरिंगमध्ये राहिली, तर दोष हबवर किंवा त्याच्या मागे. पुढे-मागे वेगळ्या रुंदीची चाकं असतील तर ही परीक्षा जमणार नाही.

गाडी जॅकवर असताना जांभ्याचा चिरा टेकू म्हणून लावू नका. आपल्याकडे प्रत्येकाच्या कुंपणाशी चार चिरे पडलेले असतात आणि हात आपोआप तिकडेच जातो. भिंतीत चिरा शंभर वर्षं उभा राहील, पण जॅकिंग पॉइंटच्या बोटभर लोखंडाखाली तो पावसात भिजलेला असताना फुटतो. माझ्यासमोर फुटलाय. स्टँड घ्या, किंवा निदान काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

बॅलन्सिंग: पैसे जाणार, तर काम नीट करून घ्या

"बॅलन्सिंग दोनदा केलं, तरी थरथरतंय," असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं बॅलन्सिंग दोनदा चुकलेलं असतं. मशीनजवळ उभे राहा. चाक मशीनच्या दांड्यावर शंकूने मधोमध बसवतात, तो शंकू चाकाच्या आतल्या बाजूने यायला हवा, कारण गाडीवरही चाक त्याच बाजूने हबवर टेकतं. सेंटरिंग रिंग (चाकाच्या मधल्या भोकातली, तिच्याबद्दल पुढे) भोकातच राहिली असेल तर आधी काढायला सांगा. जुनी वजनंही आधी काढलेली हवीत.

मशीनने शून्य दाखवल्यावर एक विनंती करा: चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा आणि पुन्हा चालवा. आता शून्याच्या ऐवजी १०-१५ ग्रॅम दाखवलं, तर चाक मशीनवरच नीट बसत नव्हतं आणि पहिला आकडा खोटा होता. टायरवाला कुरकुरेल. कुरकुरू दे. त्याच वेळी मशीनवर फिरणाऱ्या रिमचा आतला काठ बघा, तो लाटेसारखा हलतो का ते. एका चाकाला ७०-८० ग्रॅम वजन लागत असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका, त्याच्यामागे वाकलेली रिम किंवा वाईट बसलेला टायर आहे.

मधलं भोक: जिथे माझे नऊ हजार गेले

कंपनीचं चाक हबच्या मधल्या उंचवट्यावर तंतोतंत बसतं. स्विफ्ट आणि आय२०चा हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, होंडा सिटीचा ५६.१, पोलोचा ५७.१. बाहेरचे अलॉय बनवणाऱ्यांना एकच चाक दहा गाड्यांना विकायचं असतं, म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१. म्हणजे स्विफ्टवर चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची फट. ती भरायला एक रिंग देतात. दुकानदार ती द्यायला विसरतो, किंवा मागच्या गिऱ्हाइकाची उरलेली घालतो.

गाडीचं वजन ही रिंग पेलत नाही. ते काम नटांच्या आवळणीचं. रिंग फक्त चाक बसवताना ते मधोमध धरते. पण तीच नसली आणि पोराने पहिला नट एअर गनने पूर्ण आवळला, तर चाक अर्धा मिलिमीटर एका बाजूला सरकून तिथेच पक्कं होतं. मग मशीनवर शून्य दाखवणारं चाक गाडीवर नाचतं, आणि सगळे सस्पेन्शनकडे बोट दाखवतात.

चाक काढा, रिंग बोटाने फिरवून बघा. हबवर ती हलक्या दाबाने बसली पाहिजे, खुळखुळली तर माप चुकीचं. प्लास्टिकच्या रिंगा ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडतात. माझ्या गाडीची एक रिंग चोर्ला घाट उतरून आल्यावर बाहेर काढली, तर पापडासारखी वाकडी. शक्य तर ॲल्युमिनियमच्या घ्या. आकाराचा अंदाज करू नका, व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) हब आणि भोक दोन्ही मोजा. कुठल्याही लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, आणि बाजारात माप मिळालं नाही तर तोच रिंग वळून देतो.

रिंग काढलीच आहे तर हबचा चेहराही घासून घ्या. लोखंडी हब, ॲल्युमिनियमचं चाक आणि मधे खारी दमट हवा, म्हणजे गंजाचे पापुद्रे आणि पांढरी भुकटी ठरलेली. त्यातला एक दाणा जरी मधे राहिला तरी चाक तिरकं बसतं. तारेचा ब्रश, कोरडं फडकं, आणि उंचवट्याच्या कडेवर अँटी-सीझचा अगदी पातळ हात. स्टडच्या आट्यांवर मात्र ग्रीस लावू नका, टॉर्कचा आकडा फसतो.

रिम आणि टायर

चाक उचलून हाताने फिरवा आणि रिमच्या काठाजवळ पेन्सिल स्थिर धरा. फट कमी-जास्त होते का पहा. हेच आतल्या काठाला करा, कारण खड्ड्याचा मार बहुतेकदा आतच लागतो आणि बाहेरून चाक निर्दोष दिसतं. मिलिमीटरभर फरक चालून जातो, डोळ्यांना ठळक दिसण्याइतका झाला की नाही. मघाशी ज्या चाकात सारखी हवा कमी होत होती, ते आठवा. बहुधा तेच निघेल.

रिम वाकते ती टायरची भिंत बुटकी केल्यामुळे. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) म्हणजे भिंत १२० मिलिमीटरची. १९५/५५ आर १६ला ती १०७ होते, आणि चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. २०५/४५ आर १७ घातलं की भिंत ९२वर येते. दिसायला सुंदर, मान्य. पण पावसाळ्यात पाण्याखाली झाकलेला खड्डा आणि तुमची रिम यांच्या मधली जवळजवळ तीन सेंटिमीटरची गादी तुम्हीच काढून टाकलीत. छोट्या गाडीला एक इंच वाढवा, दोन नको, हे माझं मत. आणि कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या जवळ राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा (गाडीत बदल करण्याबाबतच्या) प्रश्न निघतो तो मापं सोडून भलतंच काही बसवल्यावर.

टायरच्या भिंतीवर फुगवटा असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर आजच बदला. साइडवॉलवरच्या चार आकडी कोडमधून वय कळतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड अलॉय "टायरसकट" स्वस्तात मिळाले असतील तर हे आधी वाचा.

इथे थांबा

रिमला स्पोकच्या मुळाशी केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती वेल्डिंग करून चालवू नका. कोणी करून देतो म्हणाला तरी नको. काठाचा किरकोळ वाक हायड्रॉलिक मशीनवर काढता येतो, तो रिम दुरुस्तीवाल्याकडेच, रस्त्याकडेच्या हातोड्याने आणि गॅसच्या ज्योतीने नाही. ओतीव ॲल्युमिनियम जास्त तापलं की त्याचा कस जातो.

स्टड तुटलाय, नट सैल सापडला आणि भोक लंबगोल झालंय, वळताना टकटक येते, स्टेअरिंगला खेळ जाणवतो, चाक वर-खाली हलवलं तर हलतं, किंवा थरथर एका दिवसात अचानक वाढली: यांतलं काहीही असेल तर गाडी पुलावर नेऊ नका. टोइंग बोलवा. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि ड्राइव्ह शाफ्ट ही घरी जॅकवर करायची कामं नाहीत, मीही करत नाही.

मेकॅनिककडे जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: थरथर किती वेगाला येते, हातात की सीटखाली, आणि चाकं अदलाबदल केल्यावर ती कुठे गेली. त्याला पहिल्यांदा चाक लावून-काढून दाखवायला सांगा, पार्ट सांगायला नको. अलायनमेंट सगळ्यात शेवटी करा. त्याने गाडी एका बाजूला ओढायची थांबते, टायर सारखे झिजतात, पण ८०ची थरथर जात नाही. शिवाय नंतर एखादा आर्म किंवा टाय रॉड बदलावाच लागला, तर तेच पैसे पुन्हा भरावे लागतात.